एव्हरेस्टच्या चढाया आणि हवेचे अंदाज

गिर्यारोहणाच्या वृत्तांतांत हवामानाचा उल्लेख बहुधा दैवासारखा येतो. मोहीम यशस्वी झाली तर श्रेय नेत्याच्या योजनेला आणि सहकाऱ्यांच्या निर्धाराला मिळते. फसली तर दोष हवेच्या माथी जातो. ज्या हवेला दोष दिला जातो तिच्याविषयी गिर्यारोहकांना आधी काय कळत होते, कोणाकडून कळत होते आणि किती उशिरा कळत होते, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. एव्हरेस्टच्या बाबतीत तो विचारण्यासारखा आहे. १९२१ पासूनच्या शंभर वर्षांत या एका पर्वतासाठी हवेचे अंदाज देण्याची पद्धत अनेकदा बदलली, आणि प्रत्येक बदलाबरोबर गिर्यारोहक कशाला भितात हेही बदलत गेले. अंदाज देणाऱ्या संस्थेला जे दिसत होते तेच पर्वतावरचे मुख्य संकट मानले गेले. जे तिला दिसत नव्हते, त्याची गणना बराच काळ दैवात होत राहिली.

हिंदुस्थानच्या हवामानखात्याचा जन्म गिर्यारोहकांसाठी झालेला नव्हता. १८६४ च्या चक्रीवादळाने कलकत्त्याची दाणादाण उडविली. पुढे १८६६ व १८७१ साली पावसाने दगा दिला. या आपत्तींच्या पार्श्वभूमीवर १८७५ साली हे खाते स्थापन झाले आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. बंदरांना वादळाची सूचना आणि शेतीला पावसाची, ही त्याची दोन प्रधान कर्तव्ये होत. हिमालयाचा संबंध आला तो याच दुसऱ्या कर्तव्यातून. हिवाळ्यात व वसंतात हिमालयावर बर्फ अधिक पडले तर पुढचा मोसमी पाऊस कमी पडतो, असे ब्लॅनफर्ड यांना आढळले होते. त्या आधारावर १८८२ पासून काही वर्षे त्यांनी प्रायोगिक अंदाज केले आणि १८८६ च्या जूनपासून मोसमी पावसाचे नियमित दीर्घावधी अंदाज सुरू झाले. हिमालयाकडे पाहून मैदानाचे भविष्य सांगण्याची ही पद्धत होती. सुमारे पन्नास वर्षांनी त्याच खात्याला मैदानात व समुद्रावर काय चालले आहे ते पाहून हिमालयाचे भविष्य सांगावे लागले.

पहिल्या तीन मोहिमांना, म्हणजे १९२१, १९२२ व १९२४ सालच्या मोहिमांना, असे काही उपलब्ध नव्हते. नेपाळचा मार्ग बंद असल्याने दार्जिलिंगहून सिक्कीम, चुंबी खोरे आणि तिबेटचे पठार असा लांबचा फेरा घेऊन पर्वताच्या उत्तर बाजूस जावे लागे. बातम्या हरकाऱ्यांकरवी फारीपर्यंत जात व तेथून तारेने पुढे. कलकत्त्याच्या वेधशाळेने पावसाविषयी काही कळविले असते तरी ते हाती पडेपर्यंत पाऊस डोक्यावर आला असता. तेव्हा या मोहिमांचा आधार पंचांगासारखा होता. एप्रिलअखेर थंडी व वारा कमी होतो, जूनच्या आरंभी मोसमी पाऊस पोचतो, आणि मधल्या तीनचार आठवड्यांत जे साधेल ते साधावयाचे. हा ठोकताळा सरासरीचा होता. कोणत्याही एका वर्षी तो किती चुकेल हे सांगण्याचे साधन नव्हते.

त्याची किंमत १९२२ च्या जूनमध्ये मोजावी लागली. पहिले प्रयत्न फसल्यावर आणि जोराची बर्फवृष्टी होऊन गेल्यावर तिसरा प्रयत्न करावयाचे ठरले. मोसमी पाऊस आला असावा अशी शंका होती, पण हवा उघडली होती. ७ जून रोजी उत्तर खिंडीखालच्या उतारावर नव्या बर्फाचा हिमलोट सुटला आणि त्यात सात भारवाहक मरण पावले. त्या दिवशीची हवा चांगली होती, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे. घात केला तो आधीच्या दिवसांत साचलेल्या बर्फाने. आकाशाचा अंदाज आणि उताराचा अंदाज या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरा कोणत्याही वेधशाळेला दुरून देता येत नाही. वर जाण्याचा निर्णय ज्यांनी घेतला ते वाचले. ज्यांना त्या निर्णयात मत नव्हते ते गेले.

१९२४ च्या मोहिमेचे प्रकरण अधिक बोधक आहे. ४ जून रोजी नॉर्टन सुमारे ८,५७० मीटरपर्यंत पोचले. ८ जून रोजी मॅलरी व अर्विन शिखराकडे निघाले ते परत आले नाहीत. त्या दुपारी वर हिमवादळ झाले हे तेव्हाच नोंदले गेले होते, परंतु ते एक तात्पुरते झोत समजले गेले. मोहिमेने तळछावणीवर वायुभाराची नोंद ठेवली होती. ती सॉमरव्हेल व व्हिपल यांनी १९२६ साली प्रसिद्धही केली, पण पुढे कित्येक दशके तिच्याकडे या दृष्टीने कोणी पाहिले नाही. टोरोंटो विद्यापीठातील मूर, सेंपल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली तीच कोष्टके पुन्हा तपासली, तेव्हा त्या दिवसांत वायुभार सुमारे १८ मिलिबारांनी उतरल्याचे दिसून आले. इतका उतार म्हणजे किरकोळ झोत नव्हे. ते फार मोठे वादळ असले पाहिजे. हवेत आधीच अल्प असलेला प्राणवायूही अशा उताराने आणखी कमी होतो. याचा अर्थ असा की, पुरावा मोहिमेच्या स्वतःच्या सामानात होता. मात्र त्या यंत्राच्या काट्यावरून वरच्या माणसांना मागे बोलाविण्याचे साधन नव्हते आणि काट्याचा तसा अर्थ लावण्याची सवयही नव्हती.

१९३३ साली ही स्थिती पालटली. ह्यू रटलेज यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेबरोबर बिनतारी यंत्रणा गेली. तळछावणीचा दार्जिलिंगशी संबंध जोडला गेला आणि कलकत्त्याजवळच्या अलीपूर वेधशाळेचे अंदाज थेट पर्वताच्या पायथ्याशी पोचू लागले. त्या वेळी खात्याचे मुख्य कार्यालय पुण्यास होते. सिमल्याहून ते १९२८ साली तेथे आले होते आणि १९४४ साली दिल्लीस जाईपर्यंत तेथेच राहिले. पुणेकरांच्या तोंडी अद्याप असलेले ‘सिमला ऑफिस’ हे नाव त्या स्थलांतराची खूण होय. पूर्व हिंदुस्थान व बंगालचा उपसागर यांचे काम मात्र अलीपूरकडे होते, आणि एव्हरेस्टच्या दृष्टीने उपसागरच महत्त्वाचा होता. मोसमी वाऱ्यांची बंगाली शाखा उपसागराच्या माथ्यापासून सुमारे सातशे किलोमीटर दूर असलेल्या या पर्वतापर्यंत काही थोड्या दिवसांत पोचते. तेव्हा सिलोन, अंदमान आणि उपसागरातील जहाजे येथून आलेल्या निरीक्षणांवरून मोसमी वारे कोठवर आले हे सांगणे शक्य होते. अंदाजाचे मर्म एवढेच होते की, पाऊस येण्यास किती दिवस उरले आहेत.

या माहितीची योग्यता कमी लेखण्याचे कारण नाही. मेच्या उत्तरार्धात पाऊस लवकर येत असल्याची वार्ता आली आणि वरच्या छावण्यांवरील हालचालींना वेग आला. ३० मे रोजी विन-हॅरिस व वेजर आणि १ जून रोजी स्माइथ नॉर्टन यांच्याच उंचीपर्यंत जाऊन परतले. नंतर बर्फाने वाट बंद केली.

परंतु त्याच वर्षी, त्याच पर्वतासाठी आणि त्याच खात्याच्या साह्याने दुसरा एक अंदाज तयार होत होता. बिहारमधील पूर्णियाजवळच्या लालबालू येथून एव्हरेस्टवरून उड्डाण करण्याची ब्रिटिश वैमानिकांची योजना होती. वैमानिकांना पावसाची चिंता नव्हती. एप्रिलमध्ये त्यांचा प्रश्न वाऱ्याचा होता. त्यासाठी जमिनीवरून फुगे सोडून, कोनमापक दुर्बिणीतून त्यांचा मागोवा घेऊन, उंच थरांतील वाऱ्याची दिशा व वेग मोजला जाई. या कामाचा खात्याला आग्र्याच्या वेधशाळेत चांगला सराव झालेला होता. वारा पुरेसा उतरल्याची निरीक्षणे मिळाल्यावर ३ एप्रिल १९३३ रोजी दोन विमाने शिखरावरून जाऊन आली. शिखराच्या उंचीवर वारा किती असतो, तो दिवसागणिक कसा बदलतो, हे त्या वसंतात पूर्णियाच्या मैदानात मोजले जात होते. उत्तरेकडून चढणाऱ्या माणसांना मिळणाऱ्या संदेशांचा मुख्य भर मात्र पावसावर राहिला. वैमानिकाने वारा विचारला, त्याला वारा मिळाला. गिर्यारोहकाने पाऊस विचारला, त्याला पाऊस मिळाला. प्रश्न विचारणाऱ्याची कल्पना आणि उत्तर देणाऱ्याचे कसब यांनी एकमेकांना कसे बांधून टाकले होते याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही.

फुग्यांच्या पद्धतीला मर्यादा होती हेही खरे. फुगा ढगात शिरला की दिसेनासा होई. म्हणजे हवा बिघडू लागली की नेमके तेव्हाच निरीक्षण थांबे.

१९३६ ची मोहीम ही अंदाज बरोबर ठरूनही निरुपयोगी ठरल्याची कथा आहे. रटलेज पुन्हा नेते होते आणि बिनतारी यंत्रणाही होती. मोसमी वारे त्या वर्षी फार लवकर आले आणि उपसागरातून पर्वतापर्यंत झपाट्याने पोचले. अलीपूरची सूचना आली तेव्हा मोहीम उत्तर खिंडीच्या आसपास होती. सूचना मिळाल्याने करता येण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे मागे फिरणे. त्यानंतर पुन्हा वर जाण्याचा प्रयत्न झाला तेव्हा शिप्टन व विन-हॅरिस हे खिंडीच्या उतारावर हिमलोटात सापडून थोडक्यात वाचले. त्या हंगामातील आणखी एक गोष्ट वृत्तांतात येते. उत्तर बाजूच्या खडकांवरील नवे बर्फ झाडून नेणारा वायव्येकडचा वारा पुरेसा वाहिला नाही. वारा हा शत्रू, तसाच झाडूवालाही. उत्तर बाजूने चढणाऱ्यांना त्याचा जोर नको असे, पण त्याची अनुपस्थितीही परवडत नसे. ‘पाऊस आला किंवा नाही’ एवढ्या एकाच प्रश्नाभोवती फिरणाऱ्या अंदाजात ही गुंतागुंत सामावणारी नव्हती.

हा प्रश्नच बदलला तो पर्वतावर नव्हे, वातावरणाच्या अभ्यासात. वरच्या थरांत अतिवेगवान पश्चिमी वाऱ्यांचा अरुंद पट्टा असतो, हे जपानमधील वासाबुरो ओइशी यांच्या फुग्यांवरील निरीक्षणांतून १९२० नंतरच्या दशकात दिसले होते. ओइशींनी आपले निष्कर्ष एस्पेरांतो भाषेत प्रसिद्ध केले. विश्वभाषेत लिहिल्यामुळे ते जगाला कळले नाहीत, हा त्यातला विनोद. दुसऱ्या महायुद्धात उंच उडणाऱ्या विमानांना या वाऱ्यांचा प्रत्यक्ष अनुभव आला आणि ‘जेट प्रवाह’ हे नाव रूढ झाले. त्याच सुमारास बिनतारी संदेश पाठविणारे फुगे, म्हणजे रेडिओसाँड, वापरात आले. ढगांतूनही निरीक्षण मिळू लागले. भारतात या उपकरणांच्या घडणीचे काम पुणे व दिल्ली येथील प्रयोगशाळांत झाले.

१९४९ साली यिन यांचा मोसमी पावसाच्या आगमनावरील निबंध प्रसिद्ध झाला. हिवाळ्यात हिमालयाच्या दक्षिणेस वाहणारा पश्चिमी जेट प्रवाह उन्हाळ्यात पर्वतरांगेच्या उत्तरेस सरकतो आणि या सरकण्याशी मोसमी पावसाचे आगमन निगडित असते, असे त्यात दाखविले होते. गिर्यारोहणाच्या इतिहासाच्या दृष्टीने या निष्कर्षाचे महत्त्व वेगळेच आहे. एव्हरेस्टचे शिखर इतके उंच आहे की ते जेट प्रवाहाच्या खालच्या भागाला भिडते; हिवाळ्यात तेथे उभे राहणे अशक्य होते ते या प्रवाहामुळे. मेमध्ये तो उत्तरेकडे ढळू लागला की शिखर काही दिवस मोकळे होते आणि मग पाऊस येतो. म्हणजे दार उघडणे आणि दार बंद होणे या एकाच मोठ्या घडामोडीच्या दोन बाजू होत. महायुद्धापूर्वीच्या मोहिमांनी दार बंद होण्याची तारीख विचारली. ते उघडते कशाने, हे विचारले नाही.

नेपाळच्या बाजूने चढाया सुरू झाल्या तेव्हा हे ज्ञान नवीनच होते. १९५२ च्या वसंतात लँबर्ट व तेनसिंग सुमारे ८,६०० मीटरपर्यंत गेले. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर स्विस गिर्यारोहक पुन्हा आले आणि नोव्हेंबरात दक्षिण खिंडीवरच्या थंडीने व वाऱ्याने परतविले गेले. पावसाचा लवलेश नसताना मोहीम हरू शकते, हे या दुसऱ्या प्रयत्नाने उघड केले. १९५३ साली जॉन हंट यांच्या मोहिमेसाठी आकाशवाणी व बी.बी.सी. यांनी खास हवामानवृत्ते प्रक्षेपित केली. ती ऐकण्याचे काम जॉर्ज बँड यांच्याकडे होते. २६ मे रोजी बुर्दियाँ व एव्हान्स दक्षिण शिखरापर्यंत जाऊन परतले, २७ रोजी वाऱ्याने कोणालाही हलू दिले नाही, २८ रोजी शेवटची छावणी पडली आणि २९ मे रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास हिलरी व तेनसिंग शिखरावर पोचले. वाऱ्याच्या दोन दिवसांत मिळालेली एवढीच फट होती. या यशाची वार्ता जेम्स मॉरिस यांनी लंडनला कळविली ती सांकेतिक भाषेत, आणि त्या संकेतात ‘बर्फाची स्थिती वाईट’ या शब्दांचा अर्थ ‘एव्हरेस्ट चढले’ असा ठरविला होता. हवामानाची तक्रार कोणालाही इतकी स्वाभाविक वाटली असती, की तिच्यामागे दुसरे काही असेल अशी शंका येऊ नये.

भारतीय मोहिमांच्या इतिहासात अंदाजाचा उपयोग अधिक स्पष्टपणे पाहावयास मिळतो. १९६० साली ब्रिगेडियर ग्यानसिंग यांच्या मोहिमेतील तिघे २५ मे रोजी सुमारे ८,६२५ मीटरवरून वाऱ्यामुळे परतले. १९६२ साली मेजर जॉन डायस यांच्या मोहिमेने ३० मे रोजी त्याहून सुमारे शंभर मीटर अधिक उंची गाठली. पुन्हा तेच घडले. या दोन्ही वेळी चढाईची तारीख मेच्या अखेरीकडे ढकलली गेली होती. १९६५ साली लेफ्टनंट कमांडर कोहली यांच्या मोहिमेने वेगळा क्रम स्वीकारला. पथक लवकर वर गेले, हवा प्रतिकूल दिसताच सर्वजण तळाशी उतरले, आणि मेच्या मध्यापर्यंत वाट पाहून पुन्हा चढले. २०, २२, २४ व २९ मे रोजी चार तुकड्यांतून नऊ जण शिखरावर पोचले. चढलेली उंची सोडून खाली येणे हे गिर्यारोहकाच्या मनाला फार जड जाते. आकाशवाणीवरून येणाऱ्या हवामानवृत्तावर विश्वास असल्याखेरीज आणि तो विश्वास पथकाला पटवून देणारा नेता असल्याखेरीज असा निर्णय टिकत नाही. १९३६ साली अंदाजाने माघार घडविली. १९६५ साली त्याने माघारीनंतरचा परतीचा दिवस दाखविला. अंदाजाच्या उपयोगात झालेला हा खरा बदल होय.

‘पाऊस म्हणजे हंगामाचा शेवट’ हा समज मात्र दीर्घकाळ टिकला. तो १९८० साली राइनहोल्ड मेसनर यांनी मोडला. २० ऑगस्ट रोजी, म्हणजे ऐन पावसाळ्यात, पावसाच्या खंडाचा फायदा घेऊन ते उत्तर बाजूने एकटे आणि कृत्रिम प्राणवायूशिवाय शिखरावर गेले. पुढच्याच वर्षी, १९८१ च्या ऑक्टोबरात, अमेरिकन वैद्यकीय मोहिमेने शिखरावर वायुभार मोजला तो २५३ मिलिमीटर भरला. प्रमाण वातावरणाच्या गणितावरून काढलेल्या आकड्यापेक्षा तो जास्त होता. शिखरावरचा वायुभार ऋतूनुसार बदलतो आणि उन्हाळ्यात तो सर्वांत अधिक असतो. म्हणजे केवळ श्वासाचा विचार केला तर पावसाळा हा एव्हरेस्टवरचा सर्वांत सौम्य काळ ठरतो. हिमलोटांचा धोका त्यामुळे कमी होत नाही; पण ज्या ऋतूला तीन पिढ्यांनी केवळ शत्रू मानले त्याची दुसरी बाजू दिसण्यास साठ वर्षे लागली.

१९९० नंतर संगणकावर चालणारी वातावरणाची गणिते आणि उपग्रहांवरील दूरध्वनी यांमुळे अंदाज तळछावणीपर्यंत कोणासही मिळणे शक्य झाले. १० मे १९९६ रोजी दुपारी उठलेल्या वादळात दोन दिवसांत आठ जण मेले. त्या वेळी काही पथकांना विदेशी वेधशाळांचे अंदाज मिळत होते, काहींना नव्हते. कोणाला काय ठाऊक होते यावर नंतर वादही झाले. त्या दुर्घटनेनंतर अंदाजाशिवाय वर जाणे हे अविचाराचे मानले जाऊ लागले. इन्सब्रुकचे कार्ल गाब्ल यांच्यासारखे हवामानशास्त्रज्ञ जगभरच्या पथकांना शिखराच्या उंचीवरील वाऱ्याचे दिवसवार आकडे देऊ लागले आणि हा व्यवसायही बनला. मे २०१९ मध्ये दक्षिण खिंडीवर ७,९४५ मीटरला आणि तिच्या वर ८,४३० मीटरला स्वयंचलित हवामानकेंद्रे उभारण्यात आली; २०२२ साली ८,८१० मीटरवर आणखी एक बसविण्यात आले. ज्या पर्वताविषयी अलीपूरहून अनुमान काढावे लागे, तो आता स्वतःच नोंदी पाठवू लागला.

याचा एक परिणाम असा झाला की, अंदाज सर्वांना एकच मिळू लागला. १९३३ साली एका पर्वतावर एक मोहीम आणि एक अंदाज होता. २०१९ साली शेकडो परवाने दिलेले होते आणि वारा कमी असण्याचे दिवस थोडे होते. सर्वांनी ते दिवस एकाच वेळी वाचले आणि २२-२३ मेच्या सुमारास शिखराखालच्या धारेवर माणसांची अखंड रांग लागली. अंदाज चुकला नव्हता. तो इतका विश्वसनीय झाला होता की त्यानेच गर्दी निर्माण केली, आणि उघड्या हवेत उभे राहून वाट पाहताना प्राणवायू संपणे हा नवा धोका उत्पन्न झाला. हा धोका वेधशाळेच्या तक्त्यात येत नाही, कारण तो हवेचा नाही. पण हवेच्या ज्ञानातून आलेला आहे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण एव्हरेस्टपासून दूर, त्याच नेपाळमध्ये घडले. हुदहुद हे चक्रीवादळ १२ ऑक्टोबर २०१४ रोजी विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर आदळले. भारतीय हवामानखात्याने त्याचा मार्ग आधीपासून जाहीर केला होता आणि आंध्रच्या किनाऱ्यावरून लक्षावधी लोक हलविले गेले होते. वादळाचे अवशेष उत्तरेकडे सरकत गेले आणि १४ ऑक्टोबर रोजी अन्नपूर्णा परिसरात अवेळी प्रचंड बर्फ पडले. ५,४१६ मीटर उंचीच्या थोराँग खिंडीतून पदभ्रमण करणारे हौशी प्रवासी त्यात सापडले. निदान ४३ माणसे दगावली. त्यांत परदेशी व भारतीय प्रवासी होते, तसेच नेपाळी वाटाडे, भारवाहक आणि याक राखणारे गुराखीही होते. उपसागरातून हिमालयापर्यंत संकट पोचण्यास दोन दिवस लागले, म्हणजे सूचना पोचविण्यास पुरेसा अवधी होता. एव्हरेस्टच्या तळछावणीवर पैसे मोजून दर सहा तासांचा वारा कळू शकत होता. खिंडीखालच्या चहाघरांत त्या रात्री मुक्काम केलेल्या अनेकांच्या सांगण्याप्रमाणे, त्यांना सकाळी निघताना वादळाविषयी कोणी काही सांगितले नव्हते.